बगळ्याच्या कपाळावरचा टिळा

मंगळवारी दुपारी माझा नवरा गेला. कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावलेली होती.

बाराव्याला लक्षात आलं, की हार घालायला त्याचा फोटोच नाही. खाडीवर जाऊन त्यानं बगळ्यांचे, खंड्यांचे, फ्लेमिंगोंचे फोटो काढले, एकदा रजा टाकून जंगलात जाऊन वाघाचाही काढला. त्याचा कुणी काढला नाही. कुणी मोबाइल वर केला, की हा म्हणायचा, "आण इकडे, मी काढतो." लग्नाचा अल्बम कामतघरच्या जुन्या खोलीत पाणी शिरलं तेव्हाच गेलेला. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. माझी धाकटी जाऊ त्याच्याकडे बघतच राहिली. "ताई, ह्ये भावजी न्हाय. ह्यो कोन तरी चोर हाय."

भिंत रिकामी राहिली. वर्षश्राद्धाला तरी तिच्यावर तो असावा, एवढंच मला हवं होतं.

मधल्या महिन्यांत मी त्याचे फोटो कॉम्प्युटरवर बघत बसे. रंग बघवेनात, म्हणून मी ते काढून टाकू लागले. त्याला हे मुळीच आवडलं नसतं. "निळा काढलास तर खंड्यात राहिलं काय?" असं तो म्हणाला असता, आणि खरंच होतं ते. खंड्या चोच वाढलेल्या चिमणीसारखा दिसायला लागला. फ्लेमिंगो धुऊन वाळत घातल्यासारखे झाले. वाघाचा तर झेब्राच झाला, तोही रागावलेला.

मग चिखलात उभा असलेला एक बगळा आला. रंग काढला, काळा थोडा गडद केला, तर बगळ्यापुढच्या चिखलात काहीतरी लांबलचक उमटलं. मातकटात मातकट, इतके दिवस दिसलंच नव्हतं. एक टोपी. बाहेर काढलेली दोन कोपरं. खाली पाच पाय, तीन कॅमेऱ्याच्या स्टँडचे आणि दोन त्याचे. ती त्याची सावली होती.

मी तो फोटो नारपोलीतल्या फ्रेमवाल्याकडे नेला.

त्यानं पेनड्राइव्ह घेता घेता विचारलं, "भाभी, ब्लॅक अँड व्हाइट? म्हणजे वारलेत ना?"

"हो," मी म्हटलं.

"बरसी कधी?"

"रविवारी."

शनिवारी फ्रेम घरी आली. बगळ्याच्या गळ्यात चंदनाचा हार छापलेला, तोही करडाच, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि कपाळावर लालभडक टिळा. मी फ्रेमवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "भाभी, आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट आला की पोरं हार टाकूनच देतात, चेहरा कोण बघतो? पण टिळा बरोबर मध्ये लागलाय ना?"

टिळा बरोबर मध्ये लागला होता.

रविवारी जाऊ आली आणि दारातच थबकली. "अगो ताई, बगल्याचं वर्षश्राद्ध हाय का आज?"

मी सावलीवर बोट ठेवलं. ती जवळ गेली. मग पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "ही टोपी टाकून द्या म्हनून मी भावजींना कवापासून सांगत व्हते."

मला हसू आलं. तिलाही आलं. स्वयंपाकघरात खीर लागली.

फ्रेम दुरुस्तीला नेली नाही. भिंतीवर आता बगळा आहे आणि त्याच्यापुढे सावली आहे. फोटोत रंग एकच आहे, टिळ्याचा.