नांदेडचं पेट्रोल

आमच्या गाडीत पिस्टन नाहीत, हे सगळ्यात आधी चाचांना कळलं. उदगीर रोडवर त्यांचं गॅरेज होतं. वडील मिस्त्री, आजोबाही मिस्त्री, आणि लातुरातली क्वचितच एखादी जीप चाचांच्या हाताखालून गेली नसेल. त्यांनी प्लग काढून भोकातून तार आत घातली, फिरवली, दुसऱ्या भोकात घातली, आणि मग हात पुसत अंगणातल्या बाजेवर येऊन बसले.

“सर, गाडी कुनाकडून घेतली?” त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं.

“उदगीरच्या एका अडत्याकडून. त्याच्या पोरानं दुबईहून आणली होती.”

“मग त्याला इचारा, पिस्टन कुठं ठेवले. आत एक बी न्हाई.”

माझे वडील, अण्णा, फिजिक्सचे सर. अकरावी-बारावीच्या शिकवण्या घ्यायचे. कुणी असं काही बोललं की त्यांना स्वर्ग दोन बोटं उरायचा. चाचांना त्यांनी हाताला धरून वर्गात नेलं आणि फळ्यावर आकृती काढली. या इंजिनात पिस्टन नसतोच. कमरेत आवळलेल्या डब्यासारखी एक पोकळी असते, तिच्यात तिकोनी लोखंडी रोटर गरागरा फिरतो, त्याची तीन टोकं भिंतीला घासत जातात, आणि पेट्रोल ओढणं, दाबणं, पेटवणं सगळं त्या फिरण्यातच उरकतं. चाचांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं.

“म्हंजे आत समोसा फिरून राहिला. ठीक हाय. पन मग चालू का होईना?”

यावर अण्णांनी खडू खाली ठेवला आणि चहा मागवला.

भूकंपाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती, आणि लातूर नुसतं पाट्यांनी भरून गेलं होतं. फिजिक्सची पाटी, बायोची पाटी, मेसची पाटी, मुलींच्या होस्टेलची पाटी. नायगावपासून शिरूर अनंतपाळपर्यंतची पोरं पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून उतरायची आणि डॉक्टर व्हायच्या रांगेत उभी राहायची. सर लोकांचा रुबाब तर विचारू नका. बायोच्या सरांनी जीप घेतली, केमिस्ट्रीच्या सरांनी दोन घेतल्या. म्हणून अण्णांनी लाल, दोन दारांची, जमिनीला पोट लावून बसलेली जपानी स्पोर्ट्स कार आणली. स्टिअरिंग डावीकडे. बटण दाबलं की बॉनेटमधून हेडलाइट वर यायचे. त्यातला डावा यायचा आणि उजवा यायचा नाही, त्यामुळे गाडी अख्ख्या लातूरला डोळा मारत फिरायची.

फिरायची म्हणजे फिरली तर. सकाळी अण्णांनी चावी मारली की ती नुसती कुरकुरायची. अण्णा अॅक्सिलरेटर दाबायचे, चोक ओढायचे, पुन्हा दाबायचे, पेट्रोलचा वास सुटायचा आणि बॅटरी मान टाकायची. मग सहाच्या बॅचची साठ पोरं वह्या ओट्यावर ठेवून गाडीमागे उभी राहायची. नायगावची पोरं ताकदीची, ती मागे. पहिल्या बाकावरच्या मुली सूचना द्यायला. अण्णा खिडकीतून डोकं काढून शिकवत राहायचे, “मास बदलत नाही, फोर्स वाढवा, मग अॅक्सिलरेशन का येईना?” उतारावर कधीतरी गाडी खोकायची, पांढरा धूर सोडायची, आणि साठ पोरं टाळ्या वाजवायची. गल्लीतल्या बायका तोवर चहाचे कप घेऊन फाटकात आलेल्या असायच्या. मला लाज वाटायला हवी होती खरी, पण मला भलतीच मजा यायची.

मी त्या वर्षी बारावी झाले. मार्क मेडिकल आणि इंजिनिअरिंग दोन्हीकडे चालतील इतके होते, आणि घरात मी सोडून सगळ्यांनी मेडिकल ठरवलं होतं. मला मशीन हवी होती. मी तसं बोलले तेव्हा अण्णा वैतागून म्हणाले, “मशीन कळती का तुला? मग ही का चालू होईना ते सांग. सांगितलंस तर इंजिनिअरिंगचा फॉर्म मी सोता नांदेडला नेऊन देतो. नसल सांगता येत तर गप मेडिकलला जायचं.” फॉर्मची शेवटची तारीख शनिवारची होती, तीन आठवड्यांनंतरची. अण्णा बुधवारी आणि शनिवारी नांदेडला शिकवायला जायचे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. म्हणजे त्या शनिवारी फॉर्म तरी नांदेडला जाणार होता, नाहीतर माझी मशीन हातची जाणार होती.

मी चाचांच्या मागे लागले. आम्ही बॅटरी बदलली, फरक नाही. चारही प्लग नवे घातले, दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. पेट्रोलचा पंप तपासला, चोकची तार सैल केली, डिस्ट्रिब्युटरचं झाकण पुसलं. शेवटी मी प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तक्ता आखला. रोज सकाळी एक ओळ. चालू झाली, नाही झाली. दहा ओळी झाल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. गाडी गुरुवारी चालू व्हायची आणि रविवारी चालू व्हायची. बाकी दिवशी नाही.

“नांदेडहून आलं की दुसऱ्या दिवशी चालू होती,” मी जाहीर केलं.

घरात एकच धमाल उडाली. आई म्हणाली गुरुद्वाऱ्यावरून जाते ना, म्हणून. चाचा म्हणाले नांदेडचं पेट्रोल साफ असतं, इकडं रॉकेल मिसळून राहिलेत. आत्यानं दोघांनाही दुजोरा दिला. आत्या म्हणजे अण्णांची मोठी बहीण, भूकंपात तिचं घर पडलं, यजमान गेले, एक पाय कायमचा ताठ झाला. तेव्हापासून ती आमच्याकडेच होती आणि कुणाच्याही म्हणण्याला पाठिंबा द्यायला तयार असायची. अण्णांनी बुधवारी नांदेडहून पेट्रोलचा कॅन भरून आणला. अख्खी कॉलनी आणि अख्खा वर्ग बघायला आला. सोमवारी संध्याकाळी आम्ही टाकीत नांदेडचं पेट्रोल ओतलं, चाचांनी दोन शब्द पुटपुटले, आईनं हळदीकुंकू लावलं. मंगळवारी सकाळी गाडी हू की चू करेना.

आता शनिवारला चार दिवस उरले होते. मी जर्नल घेऊन ओट्यावर बसले आणि पेट्रोल सोडून दुसरं काय वेगळं असतं ते आठवू लागले. नांदेडहून आले की अण्णा गाडी रस्त्यावरून थेट अंगणाच्या मधोमध उभी करायचे. एरवी ती दिवसभर शेडमध्ये असायची, आणि दिवे लागायच्या सुमारास अण्णा ती चालू करून दहा पावलं बाहेर आणायचे, अंगणात, आणि लगेच बंद करायचे. रोज. न चुकता. ताप असला तरी.

आमच्या घरात याबद्दल कुणी बोलत नसे. भूकंपाच्या पहाटे अण्णांची स्कूटर पडवीच्या भिंतीखाली गेली होती. आत्याच्या गावाला पोचायला त्यांना दुपार झाली, थोडं ट्रकनं, थोडं चालत. तेव्हापासून अण्णांची गाडी, मग ती कुठलीही असो, छपराखाली झोपत नसे. जमीन हलली तर ती हाताशी पाहिजे. लातुरात तेव्हा बऱ्याच घरांत असं काही ना काही होतं. कुणी दाराला आतून कडी लावत नसे, कुणाच्या उशाशी चपला असत.

शुक्रवारी संध्याकाळी मी चाचांना बोलावून घेतलं. अण्णांनी नेहमीसारखी गाडी दहा पावलं बाहेर आणली आणि बंद केली. मी म्हटलं, “आता पुन्हा चालू करा.” नाही झाली. चाचांनी प्लग काढले. चारही प्लगांवरून पेट्रोल निथळत होतं. चाचांनी वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“सर, ही तर पिऊन पडली हाय.”

मग मला एकदम सगळं दिसलं, आणि मी इतकी भराभर बोलत सुटले की चाचांना दोनदा “सावकास बेटी” म्हणावं लागलं. गार इंजिनाला चोकमुळे भरमसाट पेट्रोल मिळतं. दहा पावलांत ते जळत नाही. बंद केलं की आत तसंच राहतं, प्लग भिजवतं, रोटरच्या टोकांवरचं तेल धुऊन काढतं, मग दाबच तयार होत नाही. सकाळी अॅक्सिलरेटर दाबून आपण अजून पाजतो. नांदेडहून येते तेव्हा गरम असते, आत काही उरत नाही.

आम्ही तिला शुद्धीवर आणायला घेतलं. पंपाचा फ्यूज काढला, प्लग नसतानाच चावी फिरवून आतलं पेट्रोल बाहेर फेकलं. प्लग वाळवायला आईच्या तव्यावर ठेवले. आईनं भाकरी थांबवली आणि आमचा उद्धार केला. प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल घातलं, प्लग कसले, फ्यूज लावला. दुसऱ्या झटक्याला गाडी पेटली आणि सगळं ऑइल पांढरा धूर होऊन असं बाहेर आलं की गल्ली दिसेनाशी झाली. त्या आवाजानं आणि धुरानं शेजारपाजारची घरं सवयीप्रमाणे धडाधड रिकामी झाली. एक काका लुंगीवर देवघरातले देव घेऊन बाहेर आले. चाचा हसून हसून बाजेवर आडवे झाले.

अण्णा हसत नव्हते. ते गाडीतच बसले होते.

“म्हंजे मी रोज तिला बाहेर काढून बंद पाडत होतो,” ते म्हणाले.

“हाव,” मी म्हटलं.

“अन् जमीन हलली असती तर?”

मला उत्तर माहीत होतं आणि ते द्यावंसं वाटेना. पण फॉर्म त्या उत्तरावरच अडलेला होता. “चालू झाली नसती, अण्णा.”

धूर ओसरत होता. ओट्यावरून आत्या पाय ओढत खाली आली आणि गाडीच्या खिडकीशी वाकली.

“तुझी स्कूटर नीट असती तरी काय झालं असतं रे? गावात शिरायला वाटच नव्हती. मला शेजाऱ्यांनी काढलं. ह्यांना काढलं तवा ते गेलेलेच होते. तू आलास तवा मला निस्तं पानी पाहिजे होतं, अन् तू पानी घिऊनच आलास.”

अण्णा तिच्याकडे बघतच राहिले. “हे तू कधी बोलली न्हाईस.”

“मला वाटलं तुला ठाऊक हाय.” मग ती माझ्याकडे वळली. “गरम करून बंद करायची म्हंती ना तू? किती टाइम फिरवावं लागतंय?”

“दहा मिनिटं.”

“मग मला बसव. एकदा बी बसले न्हाई मी यात.”

आत्याला त्या गाडीत बसवायला चाचा, आई आणि मी असे तिघं लागलो, आणि मी मागच्या फळीवर गुडघे तोंडाशी घेऊन कोंबले गेले. आम्ही गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेला दोन फेऱ्या मारल्या. आत्या डोळा मारणाऱ्या गाडीतून ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना हात करत होती, आणि अण्णा तिच्याकडे बघून रडत होते की हसत होते, मला मागून कळलं नाही. परत आल्यावर गाडी अंगणात उभी राहिली, तिथंच, मधोमध. फक्त आत्याला बाहेर काढायला अर्धा तास गेला.

शनिवारी सहाची बॅच बाह्या सरसावून गाडीमागे उभी होती. अण्णा डावीकडे बसले, शेजारच्या सीटवर माझा फॉर्म, सही केलेला. त्यांनी अॅक्सिलरेटरला पाय लावला नाही. चावी फिरवली, आणि पहिल्या झटक्याला गाडी चालू झाली. साठ पोरांचे हात तसेच हवेत राहिले. नायगावची पोरं तर चक्क हिरमुसली.

अण्णा निघेनात. आत्याला निरोप सांगायचा राहिला होता म्हणे, तिनं वाटेसाठी न्यायला सांगितलेलं पाणी भरून घ्यायचं राहिलं होतं म्हणे. उतरायला त्यांनी चावीवर हात ठेवला, मग इंजिन अजून गार आहे हे आठवून काढला. आयुष्यभर त्यांनी मला फक्त असेच प्रश्न विचारले होते ज्यांची उत्तरं त्यांना आधीच पाठ होती. खिडकीतून त्यांनी मला जवळ बोलावलं आणि साठ पोरांसमोर, हळू आवाजात विचारलं, “माय, आता बंद केली तर चालेल का?”