चार बोटं उंच गाडी आणि माहेरचा ओटा

"मी काय मेलेय का, झोळीतून जायला?"

या एका वाक्यावर आमचा प्रवास ठरला. वाक्य कमळचं, म्हणजे माझ्या पत्नीचं. तिचं माहेर मनोरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतला एक पाडा. भाताची कापणी झाली की तिचे थोरले भाऊ (आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणतो) निरोप धाडतात, नवं खायला ये. नव्या तांदळाचा पहिला घास माहेरच्या ओट्यावर घ्यायचा, हा तिचा लग्नापासूनचा नेम. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नेम मोडला. पाड्याची शेवटची वाट नुसती दगडांची आहे आणि मध्ये ओहोळ. साध्या गाडीचं पोट तिथे घासतं, मग माणसं उतरून चालू लागतात. नव्या गुडघ्याने ते होईना. यंदा भाच्याने फोनवर सुचवलं, की आजारी माणसाला नेतात तशी काठीला झोळी बांधून आत्याला चौघं उचलून आणतो. त्यावर तिचं वरचं उत्तर.

दादांना आता ओट्यावरून उठवत नाही. ते खाली येणार नाहीत, ही वर जाणार नाही. मग या दोघांनी एकमेकांना पाहायचं कधी?

माझ्याकडे एक पिकअप आहे. तारापूरच्या कारखान्यात स्टोअरला होतो तेव्हा रोज दारात पिकअप लागायच्या आणि माल घेऊन कुठेकुठे निघून जायच्या. मी मात्र चलनावर सही करून मागे राहायचो. निवृत्त झाल्यावर लोक काशी-रामेश्वर करतात, मी जुनी पिकअप घेतली. आता ती उंच करायचं ठरवलं.

बोईसरला वसाहतीच्या रस्त्यावर राजूभाईचं गॅरेज आहे. शिफ्ट सुटली की बस आणि रिक्षांच्या गर्दीत त्याचा हातोडा ऐकू येत नाही, पण त्याचा स्वतःचा आवाज ऐकू येतो.

"अंकल, चार इंच उठा देता हूँ. ऊपर लाइट की पट्टी. एकदम शेर लगेगा!"

"राजूभाई, मला सर्कस काढायची नाही. ओहोळ ओलांडायचाय."

पुढे स्प्रिंगवर जाड कडी बसली. मागे पाट्यांखाली लोखंडी ठोकळे, त्यांना लांब यू-बोल्ट, लांब शॉकअप आणि ब्रेकची लांब नळी. टायर मोठे. मजुरीसकट तीसेक हजार, टायरांचे जवळपास तेवढेच वेगळे. शिवाय अलाइनमेंट करावी लागते आणि हेडलाइट खाली वळवून घ्यावे लागतात, नाहीतर समोरचा डोळे चोळत शिव्या घालतो. वाचून कुणाला खुमखुमी आली असेल तर आधी आरटीओत आणि विमावाल्यांकडे विचारा. मी विचारलं, म्हणून तर राजूभाईचा शेर निम्म्यावर आला. सगळं मिळून गाडी माझ्या हाताच्या चार बोटांएवढी उंच झाली.

आमचा मुलगा नीलेश गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "पप्पा, चांगली गाडी बिघडवायला कुणी पैसे देतं का?"

"आयुष्यभर सगळ्यांनी मला जमिनीवर राहायला सांगितलं. आता चार बोटं वर राहतो. महाभारतात एक रथ असाच चालायचा."

"तो शेवटी खाली आला होता."

"खोटं बोलल्यावर आला," मी म्हणालो.

निघायच्या सकाळी मात्र माझी जिरली. कमळ पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि दादांसाठी आणलेले सुके बोंबील घेऊन गाडीपाशी आली, दार उघडलं आणि उभी राहिली. पायरी तिच्या नव्या गुडघ्याच्या वर होती. जिच्यासाठी गाडी उंच केली, तिलाच गाडी उंच झाली होती! गॅरेजमध्ये इतक्या वेळा टेप लावली, पण बायकोचा गुडघा मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

"हसू नका," ती म्हणाली. मी हसत नव्हतो. ओळी जुळवायची मला जुनी खोड आहे, तिचा पुढचा टोला त्यावर होता. "कवी माणसाला खालचं दिसत नाय. वरचं तेवढं बघतो."

शेजारच्या मासळीवाल्या काकूंनी पालथा क्रेट आणून ठेवला. कमळने दाराची कड धरली, काकूंनी मागून हात लावला आणि "चढ गो बाय, विमानात बसल्यासारी बस!" म्हणत तिला वर घातली. क्रेट त्यांनी आमच्याबरोबरच दिला. "परत आनून द्या, बाजाराला लागतो."

बोईसरहून पालघरकडे जाणारा रस्ता सवयीचा. कोळगावला जिल्ह्याच्या नव्या इमारती रुंद हात पसरून बसलेल्या, आजूबाजूला कापून ठेवलेल्या भाताचे भारे. उंचावरून मला कुंपणापलीकडचं शेत दिसत होतं, इतकी वर्षं फक्त कुंपण दिसायचं. या रस्त्यावर साठच्या वर गेलो की गाडी थरथरू लागते. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा जो लांब दांडा असतो, गाडी उचलली की त्याचा कोन बदलतो. नीलेश त्याला दोष म्हणतो. मला मात्र त्या थरथरीत शाळेतल्या एका कवितेची चाल सापडली. शब्द कधीच विसरलो, पण गुरुजी टेबलावर पट्टी आपटून म्हणायला लावायचे तो ठेका अजून आहे. त्याच ठेक्यावर मी माझं जोडलं:

गाडी झाली उंच माझी, खड्ड्या, तुझी काय छाती
तुला ओलांडून जाते, पोट नाही लागे माती

"पोट नाय लागे माती म्हने," कमळ बाहेर बघत म्हणाली. "माझं कंबरडं लागलंय, ते पन घाला त्यात."

तेही खरं. कडक स्प्रिंगमुळे बारीक खड्डासुद्धा मणक्यात मोजला जातो.

पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. वाघोबाला हात जोडले आणि वळणं सुरू झाली. इथे माझी कविता गप्प झाली. उंच गाडी वळणावर बाहेरच्या बाजूला झुकते, बोटीसारखी. त्यातून मोठ्या टायरांमुळे काटा पन्नास दाखवतो तेव्हा गाडी त्याहून जोरात असते. मी तिसऱ्या गिअरवर आलो. मागून एक टेम्पोवाला ओरडत गेला, "आजोबा, हत्ती विकत घेतला काय?" मी काच खाली करून ओरडलो, "अंबारीसकट!"

मनोरला चहा आणि गरम भजी. कमळ काही खाली उतरली नाही. परत चढायचं कोण, म्हणून चहा खिडकीतून वर गेला. बाजारातली माणसं मान वर करून बघत होती आणि ती बशीतून चहा पीत खाली बघत होती. मला वाटलं, आता हिला मजा येऊ लागलीय. महामार्ग ओलांडताना ट्रेलरांच्या रांगेकडे बघत ती म्हणाली, "दादा ओळखंल ना मला? फोनवर आवाज लई बारीक आला त्याचा."

डांबर संपलं आणि वाट सुरू झाली. पावसाने धुऊन नेलेली माती, मध्ये उघडे पडलेले दगड, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. ओहोळाला गुडघ्याच्या खाली पाणी. याच जागी मागल्या खेपेला भाड्याच्या गाडीच्या पोटाखालचा पत्रा फाटला होता आणि आम्ही इथूनच परत फिरलो होतो. मी थांबलो.

"काय बघता? डावी घ्या."

"डावीकडे दगड आहे."

"दगड हाय म्हनूनच. उजवीकडं चिखल हाय, दिसत नाय. माझ्या बापाचा ओहोळ हाय, मला विचारा!"

डावी घेतली. गाडी इतकी कलली की बोंबलांची पिशवी माझ्या मांडीवर आली. कमळने वरचं कडं धरलं, डोळे मिटले नाहीत. खाली दगडाचा माथा सरकत गेला आणि मी घासण्याच्या आवाजाची वाट बघत राहिलो. आवाज आला नाही. पुढची चाकं पलीकडच्या चढाला लागली, क्लचचा जळका वास आला आणि आम्ही वर. मी जोरात कविता म्हटली. या वेळी तिने दुसऱ्या ओळीला मान हलवली.

दादांचं घर पाड्याच्या टोकाला. कुडाच्या भिंती आणि पुढे मातीचा उंच ओटा. ओट्यावर खांबाला टेकून दादा बसलेले, अंगावर घोंगडी. मी अंगणाच्या कडेला गाडी थांबवून क्रेट काढायला उतरलो, तोच काठी हवेत उठली.

"तिला उतरवू नका! पाव्हनं, गाडी ओट्याला लावा."

"अंगण सारवलंय मी सकाळी!" आतून सुनेचा आवाज.

"परत सारव. लावा, पाव्हनं. अजून जवळ. अजून. हां!"

दार ओट्याच्या कडेला लागलं तेव्हा मला कळलं. गाडीचा तळ आणि ओटा सारख्या उंचीवर आले होते. या ओट्याला पूर्वी बैलगाडी लागायची. मुलगी सासरी निघाली की पाय मातीला लावायचा नाही, ओट्यावरून थेट गाडीत, अशी त्या घराची रीत. कमळ माझ्या घरी निघाली तेव्हा अशीच चढली होती. मीही होतो तिथे, पण मुंडावळ्यांतून मला फक्त तिचे पाय दिसले होते.

दादांनी बसल्या जागेवरून हात पुढे केला. कमळने तो धरला, एक पाय ओट्यावर ठेवला, मग दुसरा. क्रेट नाही, झोळी नाही, कुणी उचललं नाही. दादांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लोखंडाचा हाय म्हने?"

"तुज्या डोक्याएवढा कडक हाय," ती म्हणाली आणि रडायला लागली.

दादा माझ्याकडे वळले. "इतक्या मोटारी आल्या इथं, पार जमिनीला चिकटून. आज गाडीसारखी गाडी आली."

नवा भात, उडदाची आमटी, आम्ही आणलेल्या बोंबलांचं कालवण. दादांनी स्वतःच्या पानातला पहिला घास तिच्या पानात ठेवला. पोटभर जेवून ती पुन्हा ओट्यावरून सरळ गाडीत चढली.

परतीची हकिकतही प्रामाणिकपणे लिहितो. निघताना पुढच्या चाकाला आतून काळं ग्रीस ओघळलेलं दिसलं. चाक वळवणाऱ्या सांध्यावरचा रबरी बूट फाटला होता. वाढलेल्या कोनाने तो ताणला जातो आणि फाटतो. हळूहळू घरी आलो, बूट बदलला. डिझेल पूर्वीपेक्षा जास्त लागतं. पुढचे टायर आतल्या कडेने झिजू लागलेत. वळणावर गाडी बोटीसारखी झुकते, ते तर सांगितलंच. नीलेशने हे सगळं बोटांवर मोजून दाखवलं. "पप्पा, एकदा म्हणा ना की चूक झाली. राजूभाई परत खाली करून देईल."

यातला एकही खर्च मी नाकारत नाही. पण चूक झाली असं म्हणणं खोटं होईल, आणि खोटं बोललं की रथ खाली येतो.

क्रेट काकूंना परत दिला. गवंडी बोलावला. आमच्या फाटकाच्या आत, पिकअप लागते तिथे, चिऱ्याचा ओटा बांधून घेतला. मागून घरातून यायला दोन बुटक्या पायऱ्या, पुढून सरळ गाडीचा तळ. गवंड्याला टेप मी लावू दिली नाही. कमळला उभी केली आणि तिच्या पायाने माप घेतलं.

आता संध्याकाळी नीलेशच त्या ओट्यावर चहा घेऊन बसतो. परवा बसल्या बसल्या टायरवर हात फिरवत म्हणाला, "अशी किती दिवस चालणार ही?"

कमळ आधीच गाडीत बसली होती, मांडीवर बोंबलांची पिशवी.

"चालंल तवर," ती वरून म्हणाली. "तू ऊठ तिथनं. अहो, चावी मारा."