आत्याचं रोजचं इंजेक्शन
फ्रिजमधल्या मोगऱ्याचा थंडगार वास आला की मला आत्याच्या राजाजीनगरच्या घरातले ते इंजेक्शनचे दिवस आठवतात. गजऱ्याशेजारीच तिचं इंजेक्शनचं पेन असायचं. हाडं इतकी ठिसूळ झालेली की नुसत्या खोकल्याने तिचा मणका मोडला होता. डॉक्टरांनी दोन उपाय सुचवले होते, वर्षातून एकदा सलाइनमधून औषध किंवा रोज पोटात इंजेक्शन. तिने रोजचं निवडलं, आणि टोचायचं मी. पहिल्या संध्याकाळी मी सुई नुसतीच त्वचेला टेकवली. "स्वल्प जोर लाव गं, मी काय काचेची आहे?" असं तिच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणत तीच हसली. "आत्या, वर्षातून एकदाचंच सोपं होतं ना?" "मग तूही वर्षातून एकदाच आली असतीस." मी कापूस उगाच बराच वेळ दाबून धरला. आता तो कोर्स संपून वर्षातून एकदाचं सलाइन सुरू झालंय, तरी ऑफिस सुटलं की मी आधी तिच्याकडेच जाते.