कमलच्या काकणाचा वळ

आधी माझी चूक सांगतो. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरातून अंगारे-धुपारे, नवस, सगळं हद्दपार झालं होतं. त्या घरात ‘करणी’ हा शब्द परत आला तो माझ्यामुळे... आणि तो लागला माझ्या बायकोला. अशा गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितोय.

ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. आम्ही मुळशीतल्या नेऱ्याचे. मी पिंपरीच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होतो. रात्रभर झोपूनही दिवसा डोळे मिटायचे. एकदा चालू मशीनवरच डुलकी लागली. शेजारच्यानं हात मागं ओढला म्हणून बोटं वाचली. साहेबांनी बजावलं — पुन्हा झोपलास तर कायमचा घरी.

कमल म्हणायची, "अवं, तुमी घोरता घोरता मधीच गप व्हता. श्वासच न्हाई! ढकललं का मग सुरू." ती मनगट रेटून मला कुशीवर ढकलायची. सकाळी बरगडीवर तिच्या काकणाचा लाल वळ असायचा. मी हसण्यावारी न्यायचो.

झोपेचे वेगळे दवाखाने तेव्हा कुठे होते! डॉक्टर मीच निवडला, आणि कसा — तर गावातलं, कंपनीतलं कुणी तिथं भेटणार नाही असा. झोपाळू म्हणून नाव व्हायला नको होतं ना! पुण्यात एका लांबच्या पेठेत, चकचकीत पाटी. कमलला बाहेर बसवलं, तिला कुणी काही विचारलंच नाही. डॉक्टरांनी नाडी धरली आणि झोपेच्या गोळ्या दिल्या.

गोळी घेतली त्या रात्री गालावर चापट बसली आणि डोळे उघडले. कमल माझ्यावर वाकलेली, एक हात माझ्या नाकाशी. मी ओरडलो. सगळं घर उठलं. वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, म्हणाली, "बघितलं? नवऱ्याला झोपू देत न्हाई. करणी हाय ही! धाडा हिला म्हायेरी."

मी एक शब्द बोललो नाही.

कमल डोळे पुसून म्हणाली, "जाते. पर आता दवाखाना मी बघनार."

आणि खरंच बघितला! आमच्या जवळच्याच चांदे गावाहून, माहेराहून, भावाला घेऊन ती पुण्यात दवाखाने पालथे घालत फिरली. हे लिहितानाही माझी छाती फुगते. सगळीकडे तिचा एकच प्रश्न — "पेशंट झोपल्यावर त्याच्यापाशी जागं कोन बसतं?"

एक कंपाउंडर म्हणाला, "बाई, इथं औषध मिळतं, अंगाई नाही."

"मग ऱ्हाऊ द्या. अंगाई मला येती."

शेवटी एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, "सिस्टर बसेल, मधून मधून मीही येईन." वर तिलाच विचारलं — श्वास किती वेळ थांबतो, कुठल्या कुशीवर सुरू होतो. बाहेर येऊन ती भावाला म्हणाली, "ह्योच. ह्यो इचारतो."

ती गेल्यापासून मी भीतीनं भिंतीला टेकून, बसूनच झोपत होतो. तिच्या भावानं निरोप आणला तसा त्या इस्पितळात गेलो, आणि तपासणीच्या रात्री पहिल्यांदा आडवा झालो. पुरुषांच्या वॉर्डात बायकांना रात्री थांबू देत नसत, त्यामुळे कमल चांद्यालाच. सिस्टरनं डोक्याला तारा चिकटवल्या, छातीला कापडी पट्टा बांधला. तेव्हा बरगडी स्वच्छ होती.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "तुमच्या मिसेस खरं सांगत होत्या. श्वास अडकतो. पण दर वेळी कुणी ढकलल्यासारखे तुम्ही कुशीवर वळता."

"डॉक्टर, मी हात लावलेला नाही," सिस्टर घाईनं म्हणाली. तिनं पट्टा सोडला आणि डॉक्टरांना जवळ बोलावलं. बरगडीवर काकणाचा वळ होता... ताजा, लालभडक. सिस्टरच्या हातात नुसतं घड्याळ.

तिथून तडक चांद्याला गेलो. सासूबाई अंगणातच भेटल्या. "या, जावईबापू! तुमची बायकू काल माझ्याशेजारी झोपली अन् रातभर मलाच ढकलतीया! वर म्हनती, ‘अवं, कुशीला व्हा!’"

डॉक्टरांचं म्हणणं, पट्ट्याची घडी रुतली असेल. असेलही... पण घडीचा वळ असा गोल उठतो? मला अजून उलगडलेलं नाही. झोपेच्या गोळ्यांनी श्वास आणखीच अडकतो म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या, वजन उतरवायला लावलं. कमलनं माझ्या बनियनला पाठीवर कापडी गोळा शिवला, म्हणजे उताणा झोपताच यायचं नाही. नोकरी टिकली, बोटंही.

पण त्या दिवशी चांद्याहून कमलला घेऊन घरी आलो, तेव्हा दारातच थांबलो.

आत्या म्हणाली, "आत या की. दारात कसला तमाशा?"

"आत्या, त्या रातीला तू बोललीस अन् मी गप ऱ्हायलो. आता मी बोलतो, तू ऐक. करणी बिरणी काय न्हाई. मी मरत होतो, अन् ही मला राखत होती." मग कमलकडे वळलो. वडील समोर होते, तरी मान खाली घातली नाही. "कमल, तुला बोल लागला तवा माझं तोंड उघडलं न्हाई. लई चुकलं माझं. ह्या सगळ्यांदेखत सांगतो... मला माफ कर."