छापखानेवाल्याची युक्ती

फोन कानाशी धर गं, हा निरोप शेवटपर्यंत ऐक. तिकडे दूर जिझानला बसून आईकडे पाठ फिरवतेस? फोन केला की, "बरी आहे अम्मा, खलास." झालं बोलणं! अगं, इकाम्याचे, इथं राहायच्या परवान्याचे, कागद घेणारा खिडकीतला माणूससुद्धा माझ्याशी याहून चार शब्द जास्त बोलतो.

आपलं अझीझिया मोहल्ल्यातलं जुनं घर आठवतं? अब्बा कामावर, तू शाळेत आणि मी भिंतींशी बोलत बसायची. अरबी येत नव्हती. रत्नागिरीला चौथीपर्यंत शिकलेलं, तेही पुसत चाललेलं. अब्बांच्या कंपनीतले पुण्याचे एक इंजिनिअर कायमचे परत निघाले, तेव्हा सामानात मावत नाही म्हणून एक पुस्तक आपल्याला देऊन गेले. अमेरिकेच्या कुणा जुन्या पुढाऱ्यानं आपली हकीकत आपणच लिहिलेली, मराठीत आणलेली. पुठ्ठा गेलेला. ओळीखाली बोट ठेवून वाचायची मी. पहिलं पान तीन दिवस पुरलं. देश उभा करणारा एवढा मोठा माणूस, पण शाळा दोनच वर्षं, बाकी सगळं छापखान्यात राबून शिकलेला. म्हटलं, हा तर माझ्याहूनही कमी शिकलेला! तेव्हापासून आपल्या घरी तो छापखानेवाला.

त्यानं चांगल्या सवयींची यादी केली होती. चुकलं की वहीत काळा ठिपका. मीही तसा कागद फ्रीजवर चिकटवला आणि पेन्सिल तुझ्या हातात दिली. शाळेतून आलीस की दप्तरही न उतरवता विचारायचीस, "अम्मा, आज किती?" कामात, टापटिपीत मी पास. मौनाची ओळ मात्र काळीकुट्ट.

"अम्मा, इथे जागा संपली. आता भिंतीवर काढू?"

अब्बांचा चहा सांडायचा हसून.

वरच्या मजल्यावरच्या नाशिकच्या वहिनी आठवतात ना? गॅलरीत वाळत घातलेल्या माझ्या बोंबलांवरून आमचं वाजलं होतं. महिनाभर जिन्यात समोर आलो तरी दोघी पायऱ्या मोजायचो. मग छापखानेवाल्याचं ते पान आलं. सभेत त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्या एका माणसाकडे तो मनधरणी करायला गेला नाही. त्याच्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागितलं, आठवड्यात परत केलं, सोबत आभाराची चिठ्ठी. पुढे जन्मभराची दोस्ती.

ईद तोंडावर होती. मी वर गेले नि म्हटलं, "वहिनी, तुमचं मोदकपात्र द्याल? सांदणं वाफवायचीत."

त्या बघतच राहिल्या. "मोदकपात्रात सांदणं?"

"वाफेला काय कळतंय, आत कोण बसलंय ते!"

हसल्याच. रिकामं भांडं कसं परत द्यायचं, म्हणून सांदणं भरूनच नेलं. पुढे बोंबील वाळले की त्याच वरून ओरडायच्या, "अहो, उचला, वारा सुटलाय!"

हे सगळं तुला पाठ आहे. तरी सांगतेय, कारण गेल्या ईदला मी काय केलं तेही मला पाठ आहे. तुझ्या सासूबाईंसमोर, भरल्या दस्तरखानावर मी म्हणाले, "पोरांना मराठीचं अक्षर येत नाही, हा आईचा आळस." तू ताट तसंच ठेवून उठलीस. सकाळी सातला कामावर जाणारी, परत येऊन चौघांचं करणारी माझी मुलगी, आणि आळस म्हणे! चुकलं माझं. फ्रीजवर कागद असता तर त्या दिवशी पेन्सिलच मोडली असती.

तर आता एक मागणं आहे. छापखानेवाल्याचं पुस्तक लग्नात तू घेऊन गेलीस, ते मला वाचायला हवंय. आठवड्यात परत देईन, चिठ्ठीसकट. कुरिअरनं पाठवू नकोस हं, पानं सुटी झालीत. डोळेही अधू झालेत, तेव्हा चार पानं पोरांनी वाचून दाखवली तर बरं. मराठी नाही जमलं तर तू वाच नि त्यांना इंग्रजीत सांगू दे, मी बोट ठेवून ऐकेन.

युक्ती ओळखलीस ना? ओळखलीस तरी ये. येत्या सुट्टीतच ये.