डाव्या हाताचं उत्तर

माघ सरत आला की रहिमतपूरच्या शिवारात पाचट जाळल्याचा धूर रेंगाळतो आणि त्यात गुऱ्हाळावरच्या उकळत्या रसाचा जड, गोड वास मिसळतो. नव्वदच्या दशकातल्या त्या सकाळी मात्र तोच वास मला नकोसा झाला होता. जिल्ह्याच्या गावाहून निरीक्षक येणार होते. शिक्षकाला शिकवता किती येतं आणि मुलांना किती कळलं हे त्याचं त्याला किती उमगतं, हे ते वर्गात मागे बसून जोखणार होते. माझी हंगामी नोकरी कायम होणार की उन्हाळ्यात संपणार, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरायचं होतं. माणसाचं कौशल्य मोजायचं तरी कशानं, असा प्रश्न मला पडे. पण ज्याची भाकरी टांगणीला लागली आहे, त्याने असले प्रश्न मोठ्याने विचारू नयेत.

आमच्या हेडमास्तरांनी अशा अनेक तपासण्या पचवल्या होत्या. आदल्या दिवशी त्यांनी माझ्या पाचवीच्या वर्गाची रंगीत तालीमच घेतली. "येतंय त्यानं उजवा हात, येत न्हाई त्यानं डावा. पर हात समद्यांचा वर पायजे!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी फकस्त उजव्याला उठवा. आवं, लय सोपं हाय." गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, मी मान डोलावली.

निरीक्षक शेवटच्या बाकावर बसले. खिडकीतून तिरपं, पिवळं ऊन फळ्यावर उतरलं होतं. मी अपूर्णांकांच्या बेरजेची रीत समजावली, अगदी पाठ केल्यासारखी, आणि विचारलं, "अर्धा अधिक एक तृतीयांश किती?" क्षणात सारा वर्ग हातांनी भरून गेला. मागे निरीक्षकांचा चेहरा खुलला, पेन सरसरलं. पण दोन-चार सोडले तर सगळे हात डावे होते.

दारातून हेडमास्तर डोळ्यांनी उजव्या हातांकडे खुणावत होते. एका पोराला उठवायचं, उत्तर घ्यायचं, पुढे सरकायचं. तेवढ्यावर माझं घर मार्गी लागणार होतं. पण त्या इमानी चेहऱ्यांकडे बघून माझा मलाच राग आला. त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. मी खडू ठेवला. पोरांनी वर्गात आणलेले ऊस जप्त करून मी कोपऱ्यात उभे करत असे. त्यातला सहा कांड्यांचा एक उचलला. अर्धा म्हणजे तीन कांडी, तिसरा हिस्सा म्हणजे दोन. "मग दोन्ही मिळून?" "पाच कांडी!" वर्ग ओरडला. "सहातली पाच," मी म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घंटा झाली तेव्हा ठरवलेला पाठ निम्माही झाला नव्हता.

निरीक्षक उठून पुढे आले. "सगळ्यांना येत होतं, बाई. मग तेच परत का शिकवलंत?"

खरं सांगावं तर हेडमास्तरांची लाज जाणार, खोटं बोलायला जीभ उचलेना. तेवढ्यात पुढच्या बाकावरची सुमन उठली.

"सर, आमास्नी येत नव्हतं."

"मग हात कशाला वर केलेत?"

हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. सुमनने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बाईंस्नी कळावं म्हणून की."

निरीक्षकांनी तिच्याकडे, मग हेडमास्तरांकडे पाहिलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते शेजारच्या वर्गाकडे गेले. नोकरी राहिली की गेली, ते त्या घडीला कळायला मार्ग नव्हता. मात्र जे माणूस आपल्या माणसालाच सांगतं, ते "येत नाही" त्या पोरांनी परक्या माणसादेखत मला सांगून टाकलं होतं. त्यांच्या लेखी मी केव्हाच त्यांची झाले होते, आणि हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं.