हुकावरचा भार

आमच्या ट्रॅक्टरसाठी मी ट्रॉली बनवली ती भावजयीला दिलेल्या शब्दामुळे. गावात म्हणतात हौसेनं बनवली. हौस होतीच, नाही म्हणत नाही. पण आधी शब्द.

जासईला आमची भातशेती दोन ठिकाणी. एक तुकडा गावाला लागून, दुसरा खाडीच्या अंगाला, आणि मधून बंदराचा मोठा रस्ता. बंदर सुरू झालं तसे त्या रस्त्यानं कंटेनरचे ट्रेलर धावायला लागले, एकामागे एक, घरातली भांडी वाजायची. आम्ही दोघा भावांनी मिळून एक छोटा ट्रॅक्टर घेतला होता, चिखलणीपुरता. तो माझा धाकटा भाऊच चालवायचा. मला बैल हाकता येतात. स्टिअरिंग मी कधी हातात घेतलं नाही, घ्यायचंही नव्हतं.

एका वर्षी लावणीच्या दिवसांत तो ट्रॅक्टर घेऊन खाडीकडे निघाला. ट्रॅक्टरचा वेग तो किती, सायकलवाला पुढे जातो. मागून आलेल्या ट्रेलरनं नुसतं घासलं. ट्रॅक्टर गटारात गेला. भाऊ त्याच्या खाली न येता बाजूला पडला म्हणून वाचला. दोन बरगड्या मोडल्या.

भावजय माझ्याशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं असलं तर माझ्या बायकोकडून सांगायची. भावाला इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी मात्र ती ओटीवर येऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"दादा, शेत पडीक ऱ्हायला तरी चालंल. ह्यांना ट्रॅक्टर घेऊन परत त्या रस्त्याला धाडू नका."

मी म्हटलं, ट्रॅक्टर आता रस्त्यावर चालणारच नाही, दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून जाईल आणि त्याला काही होणार नाही, माझी जबाबदारी. ती मान हलवून आत गेली. मी सांगितलं म्हणजे झालं, असं ती धरून चालायची.

पाऊस संपला आणि मी कामाला लागलो. रबाळ्याच्या भंगारवाल्यांकडे चार फेऱ्या मारल्या. मोडीत निघालेल्या टेम्पोचा ॲक्सल मिळाला, त्याचे स्प्रिंगचे पाटे मिळाले, लोखंडी चॅनेल मिळाले. जुन्या कंटेनरच्या तळाच्या जाड फळ्या यार्डाजवळच मिळाल्या. माझी शाळा तिसरीपर्यंत. कागदावर मी काही काढलं नाही. अंगणात कोळशानं रेघा मारल्या, हातानं आणि वितीनं मोजल्या, आणि त्या रेघांवर लोखंड मांडून बघितलं. बरोबर बसलं.

जोडकामाला, म्हणजे वेल्डिंगला, गावाबाहेर एकाची शेड होती. उरणकडचा मुसलमान, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. मोडलेले ट्रेलर जोडायचं हेच त्याचं रोजचं काम, हाताला सफाई होती. सांगाडा त्यानं पंधरा दिवसांत उभा केला. मागं चढायला दोन लोखंडी पट्ट्या, चार कोपऱ्यांना साखळ्या अडकवायच्या कड्या, आणि पुढं हूक, भावाच्या मेव्हण्याच्या जीपला अडकवायचा. इथवर आमचं दोघांचं चांगलं जमलं.

ट्रॅक्टर वर चढला की पुढं सरकू नये म्हणून चाकांपुढं लोखंडी अडसर जोडायचे होते. ते कुठं जोडायचे यावरून वाजलं. मिस्त्री म्हणाला, ट्रॅक्टर आणखी हातभर पुढं घ्या, म्हणजे भार हुकावर येईल. "ट्रॉलीचं नाक जड पाहिजे, काका. हलकं राहिलं तर वेगात शेपूट नाचंल."

आता मी तीस वर्षं मिठागरातून बैलगाडीनं मीठ वाहिलेला माणूस. गाडी कशी भरायची हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. भार पुढं गेला तर गाडी धुरजड होते, जू बैलांच्या मानेत रुततं. मागं गेला तर उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला पट्टा आवळतो. माझ्या भरलेल्या गाडीचं जूसुद्धा एका बोटानं उचललं जायचं. माझ्या बैलांची मान कधी सुजली नाही, आणि हे आख्ख्या आगरात ठाऊक होतं.

ट्रॉलीवरही मी तेच केलं. शेडवरच्या एका ड्रायव्हरकडून ट्रॅक्टर मागंपुढं करवून, हूक एका बोटावर तोलला जाईल अशा जागी उभा करवला आणि म्हटलं, इथं जोड. चहाला थांबलेले तीन-चार ड्रायव्हर बघत होते. मी त्यांच्यासमोर ट्रॅक्टरसकट ट्रॉलीचा हूक बोटानं उचलून दाखवला. एक म्हणाला, "म्हातारा जादूगार हाय." मला बरं वाटलं.

मिस्त्री हसला नाही. म्हणाला, जीप म्हणजे बैल नव्हे, आणि चालवणार भाऊ आहे तर त्याला बोलावून एकदा विचारा. मी म्हटलं, गाडी मला शिकवू नको, जोड. त्यानं जोडलं. भावाला मी यातलं काही सांगितलं नाही.

पुढच्या पावसाच्या आधी, एका सकाळी, आम्ही पहिल्यांदा निघालो. मेव्हण्याची जुनी जीप पुढं होती. भाऊ चालवत होता, मी मागं ट्रॅक्टरकडं तोंड करून बसलो होतो. ओटीवर भावजय उभी होती. गावातून ट्रॉली अशी आली की मी दोन ठिकाणी लोकांना हात केला. मोठ्या रस्त्यालाही आधी बरी चालली. मग मागून एक ट्रेलर भोंगा वाजवायला लागला आणि पुढं उतार आला. भावानं वेग वाढवला.

ट्रॉली आधी थोडी डावीकडं गेली. मग उजवीकडं, त्याहून जास्त. मग परत. पाण्याबाहेर काढलेला मासा शेपूट मारतो तशी ती जीपला मारायला लागली. माझ्याखालची जीप एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला ओढली जात होती. मी ओरडलो की नाही आठवत नाही. भावानं ब्रेक लावला तशी ती आणखीच उसळली आणि आम्ही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला गेलो. समोरून कंटेनर येत होता. तो कसा चुकला ते त्या ड्रायव्हरलाच माहीत. जीप पलीकडच्या खारट चिखलात रुतून थांबली. साखळ्या तुटल्या नव्हत्या. ट्रॅक्टर माझ्या अडसरांना टेकून जागच्या जागी होता.

मी पुढं गेलो. भावाचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. एकेक बोट करून मी सोडवले.

"दादा, असा कसा झाला?"

मी म्हटलं, रस्ता खराब हाय.

लोकांनी जीप बाहेर ओढली. बैलाच्या चालीनं आम्ही घरी आलो. चाकांचा चिखल बघून भावजयीनं विचारलं काय झालं. भाऊ पाय धुता धुता म्हणाला, "काय नाय, रस्ता खराब व्हता." माझेच शब्द. त्यानं ते खरे धरले होते का मला सांभाळून घेत होता, मला कळलं नाही. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि दोघांना वाढलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली हळूहळू मिस्त्रीकडं नेली. भावाला म्हटलं तू जीपमध्ये बस. तो उतरलाच. मिस्त्रीनं वाळलेला चिखल बघितला आणि हातातलं काम खाली ठेवलं. ओरडला नाही, टोमणा मारला नाही. फक्त म्हणाला, "काका, मी बोललो होतो, नाक हलकं ठेवू नका."

भावानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर मला उत्तर देता आलं असतं, मी भांडणात कधी हरलेलो नाही. तो एवढंच म्हणाला, "बैलाच्या मानेची तुला लय काळजी, दादा."

अडसर कापून हातभर पुढं जोडले. कुठं जोडायचे ते मिस्त्रीनं भावाला विचारलं. मी शेडच्या बाहेर बसलो.

ट्रॉली मग सरळ चालली. तीन पावसाळे त्याच जीपनं, त्याच उतारावरून भाऊ ट्रॅक्टर खाडीकडं नेत राहिला, एकदाही शेपूट हललं नाही. बनवली मीच, हे कोणी नाकारलेलं नाही. भावजयीला खरं मी कधी सांगितलं नाही, त्यानंही सांगितलं नसावं.

पण निघायच्या आधी दर वेळी तो एक काम करायचा. साखळ्या मी आवळलेल्या असायच्या, भार मी बघितलेला असायचा, आणि मी त्याला सांगायचो की बरोबर हाय. तो हो म्हणायचा. मग वाकून, हूक दोन्ही हातांनी धरून उचलून बघायचा. जड लागला, उचलला नाही, की हात झटकून जीपमध्ये बसायचा.